चवीपुरतं

फैजपूरच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या दांडीखाली
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे.
झाकणावर माझंच अक्षर, मार्करचं, आता तपकिरी पडलेलं :
घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या.
आधी त्यात सीड्या होत्या, मग पेनड्राइव्ह आले,
दोऱ्यात ओवलेले, किल्ल्यांच्या जुडग्यासारखे.

पितांबर झोपेंनी केलेला केळीचा तक्ता आहे त्यात :
घड, वजन, भाव, वाहतूक,
आणि तळाशी, हातात काय उरलं.
तो आकडा तांबडा का, विचारलं
तर म्हणाले, "सवय."
टायपिंगवाल्या कुमुदताईंनी जमवलेलं
जुनी अक्षरं नव्यात बदलून देणारं काहीतरी आहे,
त्यात रफार अजून भलत्याच डोक्यावर बसतो.
मोबीन शेखच्या लग्नपत्रिका आहेत, चौदा नमुने,
एकातून नवरीचं नाव पुसायचं राहिलंय. हमिदा.
तिला आता तीन मुलं आहेत.

मग जळगावहून हर्षल वाणी आला,
इस्त्रीचा शर्ट, सहा चकचकीत सीड्या.
"हिशोबाचं आहे मॅडम. मोफत."
मी म्हटलं, ठेव.
बारीक अक्षरातलं 'तीस दिवस'
मी चष्म्याशिवाय वाचलं नाही,
म्हणजे वाचलंच नाही.

एकतिसाव्या सकाळी उस्मान तडवी आले.
कांदेबागेची सगळी तोलाई त्यांनी त्यात भरली होती,
रात्री जागून, एका बोटानं.
आता पडद्यावर कुलूप,
आणि कुलपाखाली रक्कम.
"घड माझे, वजन माझं,
मंग मलेच काहून पैसे मांगतं हे?"

भांडण जुंपलं ते हळू आवाजात,
कारण भिंतीवर 'शांतता राखा' आहे.
झोपे म्हणाले, फळवाला फोड कापून देतोच की,
आवडली तर घ्या, नाही तर चाला पुढे.
ही काय लबाडी झाली?
कुमुदताई म्हणाल्या, ती फोड माझ्या पोटात राहते, भाऊ.
महिन्यानं येऊन तो पोट नाही उघडायला सांगत.
सगळे हसले.
उस्मानभाई नाही हसले.

मी सहाच्या सहा सीड्या काढल्या
आणि रद्दीच्या टोपलीपर्यंत जाऊन थांबले.
कुणीतरी हेही रात्री जागून लिहिलं असणार.
त्याच्याही खोलीचं भाडं असणार, पाच तारखेला.
आम्ही फुकट वाटणारी माणसं,
झोपेंचे वीस बिघे, माझी पेन्शन,
आमच्या उदारपणाचं बिल
कुणीतरी दर महिन्याला भरतंच आहे.
हे मी मोठ्यानं बोलले नाही.

डब्यात नाही, पण टेबलावर ठेवल्या,
खतांच्या जाहिरातींशेजारी. वर चिठ्ठी :
चवीपुरतं. पोट भरणार नाही.
आपले आकडे आधी वहीत लिहा.
उस्मानभाईंचे आकडे आम्ही आठवणीनं पुन्हा लिहिले,
तीन दुपारी लागल्या,
दोन गाड्या सापडल्याच नाहीत.

पोळ्यानंतर हर्षल आला. चिठ्ठी वाचली.
कान लाल झाले पोराचे.
"वरून सांगतात तसं करतो, मॅडम,"
मग डब्याकडे बोट : "यातलं मी घेतलं तर चालेल?"
त्याच्या वडिलांची निंभोऱ्याला केळी आहे, मला कुठे ठाऊक!
झोपेंचा तक्ता घेऊन गेला.

आठ दिवसांनी परत ठेवून गेला.
उघडला तर त्यात एक नवा रकाना : कटती.
दांड्याचं म्हणून व्यापारी जे वजन कापतो
आणि आम्ही इतकी वर्षं कधी लिहिलंच नाही, ते.
तळाचा तांबडा आकडा
आता आणखी लहान झालाय, आणि आणखी खरा.
झोपे बराच वेळ बघत राहिले.

सगळ्यात खाली, फिकट राखाडी अक्षरात,
हर्षलचा मोबाइल नंबर.

"खोडा तो," झोपे म्हणाले.
"राहू द्या," कुमुदताई.
मी झाकण फिरवून पुन्हा वाचते :
घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या.
नंबराचं त्यात काहीच लिहिलेलं नाही.